पहिल्या डॉक्टरीणबाई, मग नर्सबाई : पुण्यात बाळंतपणं सांभाळली कुणी?

रास्तापेठी

फेब्रुवारीअखेर आणि मार्चअखेर, वर्षातून दोनदा आनंदीबाई जोशींचे फॉरवर्ड येतात. तोच फोटो, खाली 'पहिल्या भारतीय महिला डॉक्टर', हात जोडलेल्या दोन इमोज्या, संपलं. बाईचं कर्तृत्व वादातीत आहे, त्यासाठी धागा काढायची गरज नाही. मला वेगळंच विचारायचंय. आनंदीबाई ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डावर नेमणूक मिळाली आणि रुजू व्हायच्या आतच २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने पुण्यात गेल्या. वय २१. इथे येऊन एक दिवसही त्यांना काम करता आलं नाही. मग पुढची पन्नासेक वर्षं पुण्यातल्या बाळंतिणींपाशी रात्रभर बसलं कोण?

माझं उत्तर असं, की त्यात मोठा वाटा ससून इस्पितळात शिकून आलेल्या नर्सबाईंचा, आणि त्यातही विधवांचा. त्यांचा कुठे फोटो नाही, जयंती नाही, म्हणून हा प्रपंच.

आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांनी पदवीचा प्रबंध कशावर लिहिला हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे साता समुद्रापलीकडे जाऊनही डोक्यात बाळंतिणीची खोलीच होती. त्याआधी १८८२ मध्ये इथेच, पुण्यात, पंडिता रमाबाईंनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. बायकांना डॉक्टरकी शिकवा, कारण पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगण्यापेक्षा इथली बाई मरण पत्करते, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला. त्याची उद्दिष्टं तीन : बायकांना डॉक्टर करायचं, बायकांसाठी दवाखाने काढायचे आणि शिकलेल्या नर्सा-सुइणी पुरवायच्या. पहिल्या दोन कामांच्या कोनशिला गावोगाव सापडतात. तिसरं काम मनुष्यबळाचं, आणि मनुष्यबळाची कोनशिला कोण बसवणार?

पुण्यात ते तिसरं काम अंगावर घेतलं सेवासदनने. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्याचं सेवासदन सुरू केलं. शिवणकाम, लिहिणं-वाचणं, मास्तरणी तयार करणं, इथवर लोकांची कुरकुर बेताची. पण चांगल्या घरच्या बायका इस्पितळात जाऊन परक्यांचं रक्त-पू काढणार म्हटल्यावर अंगाची लाहीलाही झाली. त्यात रात्री-अपरात्री घराबाहेर पडायचं. त्यात पुरुष डॉक्टरांबरोबर काम. रमाबाई स्वतः विधवा, त्यामुळे त्यांना बोल लावणंही लोकांना सोपं होतं. तरी त्यांनी मुली ससूनला धाडल्या आणि त्यांच्या राहण्याजेवणाची सोयही केली. ही सोय फार मोलाची होती, कारण आजूबाजूला सोवळं सांभाळणारं स्वयंपाकघर नसेल तर कुठलाच बाप मुलीला पाठवायला तयार नव्हता.

विधवाच का? उघड आहे. मुलींची लग्नं बाराव्या वर्षाच्या आत. लग्न झालेल्या बाईला दोन-तीन वर्षं बाहेर ठेवायला कोण राजी होणार? विधवेला घरात कामाला जुंपायचं सोडलं तर तिचं कुणाला अडत नव्हतं. आणि तिला स्वतःच्या पोळीभाजीची सोय हवी होती.

माझी पणजी यातलीच. कोकणातून भावाने आणून सोडली. पुढे नारायण पेठेत तिला 'मिस' म्हणायचे, म्हातारी होईपर्यंत! तिची चामड्याची पेटी आमच्याकडे माळ्यावर होती. आत एक कात्री, एनॅमलचं बशीसारखं तसराळं, नखं घासायचा ब्रश, नाळ बांधायच्या फितीचं रीळ, काचेचा ड्रॉपर आणि तुतारीच्या आकाराचं एक लाकडी नळकांडं. ते पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला की बाळाचे ठोके ऐकू येतात. आजी सांगायची, पणजी कुणाच्याही घरी गेली की आधी विचारायची, "बंबात पाणी आहे का?" मग कोपरापर्यंत हात घासत बसायची. घरातल्या बायका कावायच्या : इकडे पोरगी ओरडतेय आणि ही बया हात धूत बसलीय. सुटका झाली की तिला दक्षिणा आणि चहा मिळायचा. चहा मात्र पडवीत. सुवेरातली म्हणून स्वयंपाकघराचा उंबरा तिला बंद. ज्या घरात दोघांचा जीव वाचवला त्याच घरात.

तर अशा बायकांबद्दल कुणाच्या घरी काही आठवणी, कागद, सर्टिफिकेटं असतील तर लिहा. वादही चालेल.

---

सदाशिवाचा_सदा

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे आजोबांच्या वहीत 'नर्सबाई ५ रु., सुईण १ रु. व खण' अशी नोंद आहे. एकाच बाळंतपणाला दोघी! पुणेरी माणूस धोका पत्करत नाही.

---

रास्तापेठी

@सदा, फोटो टाक त्या पानाचा. दोघी असायच्याच पुष्कळ घरी. नर्सबाई बाळ सोडवणार, सुईण पुढचे दहा दिवस तेल-पाणी, शेक-शेगडी बघणार.

---

डॉक्टरीणकाकू

चांगला धागा. मी प्रसूतितज्ज्ञ, आता निवृत्त. पणजीबाईंनी बंबाचं पाणी का मागितलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

वार सुटून पडली की गर्भाशयात ती चिकटलेली होती तेवढी जागा उघडी जखम असते, पंज्याएवढी. त्यात खालून हात जायचा. हात शेणात, मातीत किंवा आदल्या बाळंतिणीच्या स्रावात माखलेला असेल तर स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू सरळ आत. पहिले दोन दिवस बाई बरी असते, घरात पेढे वाटून होतात. तिसऱ्या दिवशी हुडहुडी, ताप, पोट फुगतं, स्रावाला घाण वास येतो, आणि आठवड्याच्या आत खेळ खलास. याला बाळंतरोग म्हणायचे आणि बाहेरवारा लागला, बाधा झाली, अशी कारणं द्यायचे. बाळाचं मरण निराळं. विळ्याने किंवा बांबूच्या कामटीने नाळ कापायची, वर शेणाची राख दाबायची. धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच असतात. बाळ दोन दिवस छान दूध पितं, मग जबडा आवळतो, चोखता येत नाही, अंग कमानीसारखं वाकतं.

शिकलेल्या नर्सबाईने काय केलं? हात आणि कात्री. बस्स. शस्त्रक्रिया तिला येत नव्हती, रक्त देण्याची सोय नव्हती. रक्तस्राव थांबवायचं खात्रीचं औषध, अर्गोमेट्रीन, १९३५ ला हाती आलं आणि जंतुसंसर्गावरची सल्फाची औषधंही त्याच सुमाराची. त्याआधी नुसत्या स्वच्छतेवर ती जे वाचवत होती ते पुष्कळ होतं. पेटीतला काचेचा ड्रॉपर बहुधा बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेट घालायला असणार. आईला परमा असेल तर बाळाचे डोळे जातात. १८८० च्या सुमारास क्रेडे नावाच्या जर्मन डॉक्टरने हा उपाय काढला आणि हजारो पोरं आंधळी होण्यापासून वाचली.

पण एक सांगते, सुइणींचं कौतुक करायची हल्ली टूम आहे, ती मला पटत नाही. मी नोकरीच्या सुरुवातीला खेडेगावात होते. अडलेली बाई बैलगाडीतून यायची, गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडायच्या आधीपासून तिला 'कळ दे, कळ दे' करून दमवलेली, वरून पोट दाबलेलं, मूल आडवं, एक हात बाहेर आलेला. ते ज्याने पाहिलंय त्याला 'पारंपरिक ज्ञान' हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

---

माणदेशी_पोर

काकू, तुमचा अनुभव मान्य, पण एकतर्फी होतंय. माझी आजी सुईण होती. आमच्या जातीतल्या बायकांनीच गावाची बाळंतपणं करायची, वार पुरायची, घाण धुवायची. मांगीण, महारीण, न्हावीण यांच्याशिवाय हे काम दुसरं कोण करणार होतं? ते ज्ञान म्हणून त्यांच्याकडे नव्हतंच सोपवलेलं, विटाळ म्हणून सोपवलेलं होतं. हातात साबण नाही, मोबदला शेर-दोन शेर धान्य आणि जुनं लुगडं. आणि मग शंभर वर्षांनी म्हणायचं, यांचे हात घाण होते. घाण कामाला लावलं कुणी?

दुसरं, डॉक्टरांचे हात तरी कुठे स्वच्छ होते? १८४७ ची व्हिएन्नाची हकीगत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल. एकाच इस्पितळात दोन विभाग. एकात डॉक्टरकीचे विद्यार्थी बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात साधारण शंभरात दहा बायका मरायच्या, सुइणींच्या विभागात चारापेक्षा कमी. बायका पाया पडून सांगायच्या, आम्हाला सुइणींकडे घाला. कारण विद्यार्थी मुडदे फाडायच्या खोलीतून थेट प्रसूतीच्या खोलीत यायचे. सेमेलवाइस नावाच्या तिथल्या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम खाली आले. तरी त्या डॉक्टरलोकांनी त्याला वेड्यात काढलं.

तिसरं. आजी बाईला उकिडवं बसवायची, आढ्याला दोर बांधून तो धरायला द्यायची. इस्पितळात आल्यावर बाईला उताणी झोपवून पाय टांगायला लागले. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाईला हवं तसं बसू द्या, उभं राहू द्या. आजी वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही. आता तीच संघटना सांगते, मिनिटभर तरी थांबा, बाळाला रक्त मिळतं. हे आजीला कुणी विचारलं असतं तर?

---

डॉक्टरीणकाकू

@माणदेशी_पोर, जातीचा मुद्दा शंभर टक्के. आणि नाळेचंही. आम्हाला शिकवलं होतं की लगेच चिमटा लावा. ते का, हे विचारायची सोय नव्हती. पण आजींनी उशिरा कापलेली नाळ कशाने कापली, हा प्रश्न माझ्यापुरता शिल्लक राहतोच. त्यांना उकळलेलं पातं देणं हे सरकारचं काम होतं आणि ते फार उशिरा झालं. लेडी कर्झनच्या काळात व्हिक्टोरिया मेमोरियल फंडातून दायांना शिकवायचे वर्ग निघाले होते, १९०३ च्या पुढे. शिकवणाऱ्या मडमा, शिकणाऱ्या निरक्षर बायका, आणि शिकून मिळकत वाढणार नाही. कोण टिकणार?

---

कोकणकडा

पाचवीला सटवाई पुजायची, पाटा-वरवंटा मांडायचा, रात्रभर जागायचं. काकूंनी लिहिलेलं वाचून लख्खकन वाटलं, धनुर्वाताने बाळं दगावायची ती याच दिवसांत ना?

---

डॉक्टरीणकाकू

हो, साधारण पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत. जागरणामागे भीती अगदी खरी होती. भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. माझ्या उमेदवारीच्या काळात हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

---

गंजपेठकर

धागा सेवासदनपासून सुरू झालाय, त्याच्या ४६ वर्षं मागे जा. १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण विधवा गरोदर राहिली तर तिच्यापुढे दोनच वाटा, विहीर नाहीतर पोराचा गळा. फुल्यांनी जाहीर सांगितलं, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर आमच्याकडे ठेवा. बाळंतपणाला सावित्रीबाई स्वतः उभ्या राहायच्या. ना सर्टिफिकेट, ना पगार.

जोतिरावांनी १८८४ मध्ये लिहून ठेवलंय की तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या आणि त्यातली पाच मुलं हयात आहेत. बाकीची गेली, कारण गर्भ पाडायला म्हणून आयांनी आधी विषारी औषधं घेतलेली होती. हा आकडा पुन्हा वाचा. सुईण शिकलेली असो की अडाणी, तिच्या हाती काय शिल्लक ठेवलं होतं समाजाने?

१८७४ मध्ये तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी हेही पाठवावं.

---

रास्तापेठी

गंजपेठकर, हे मूळ लेखातच यायला हवं असं आहे. त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो. जिच्या पोटातलं मूल मारायची त्या काळी सोय होती, तीच विधवा पुढे पेटी घेऊन दुसरीचं मूल सोडवायला जायला लागली. दोन पिढ्यांत एवढं अंतर कापलं गेलं या शहरात.

---

सदाशिवाचा_सदा

फोटो सापडला पण वही वाळवीने खाल्लीय. 'खण' तेवढं वाचता येतंय.

---

हुजूरपागेची_मुलगी

आमच्या शाळेचं नाव कुणी घेतलं नाही अजून! डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यू घरातली मुलगी, पुण्यात आमच्या हुजूरपागेत शिकली, मग ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लंडन. १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. त्या जागेवर बसलेल्या पहिल्या भारतीय बाई. त्यांच्या आधी तिथे सगळ्या इंग्रज डॉक्टरीणबाई.

आणि त्या इंग्रज बाईंचीही कथा आहे. कामा हॉस्पिटलच्या पहिल्या प्रमुख एडिथ पेची. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात शिरलेल्या सात मुलींपैकी एक. रसायनशास्त्रात अव्वल आली तर शिष्यवृत्ती मुलाला दिली. १८७० मध्ये परीक्षेला जाताना दारात विद्यार्थ्यांनी चिखलफेक केली. आणि शेवटी पदवी दिलीच नाही. म्हणजे पुण्याने शेण मारलं आणि विलायतेने फुलं उधळली असा प्रकार नव्हता, दोन्हीकडे कच्चा माल सारखाच. याच पेचीबाई १८८३ ला मुंबईत आल्या. रखमाबाईंना लंडनला पाठवण्यात त्यांचा हात होता. नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल लागलेली रखमाबाई १८९४ ला डॉक्टर होऊन परत आली आणि सुरत, राजकोटला तिने जन्म काढला. आनंदीबाई पहिल्या, पण वर्षानुवर्षं बाळंतपणं केली ती रखमाबाईंनी. हे मी आनंदीबाईंना कमी लेखायला म्हणत नाही.

अजून एक, बऱ्याच जणांना माहीत नसलेलं. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात ना, तिचा उगम मुंबईच्या गिरणी कामगार बायकांत आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची डॉक्टर मुंबईच्या हाफकिन संशोधन संस्थेत काम करायला आली. गिरणीतल्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडून मरत होत्या, आणि लोह देऊन उपयोग होत नव्हता. तिने बरंच काही करून पाहिलं आणि शेवटी मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या पावाला लावायच्या चटणीने बायका बऱ्या व्हायला लागल्या. त्यात काय आहे ते सापडायला पुढे दहाबारा वर्षं गेली. ते फोलेट निघालं.

---

माणदेशी_पोर

मार्माइटचं भारी आहे. म्हणजे रोग उपासमारीचा, आणि सुइणीच्या माथी मारलेला.

---

केईएमच्या_मागची_गल्ली

रास्ता पेठेचं नाव घेऊन आयडी काढायचा आणि केईएमचा उल्लेख नाही? शोभत नाही. रास्ता पेठेतलं, पुण्याचं केईएम हॉस्पिटल १९१२ चं. डॉ. बानू कोयाजी १९४४ ला आल्या तेव्हा ते प्रामुख्याने प्रसूतिगृहच होतं, चाळीसेक खाटांचं. पुढे त्यांनीच त्याचं एवढं मोठं हॉस्पिटल केलं. पण मला त्यांचं वढूचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. सत्तरच्या दशकात त्यांनी वढू बुद्रुकच्या परिसरात गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. डॉक्टर गावात जाऊन राहत नाही हे त्यांनी मान्य करून टाकलं आणि गावातलीच माणसं तयार केली. १९९३ ला मॅगसेसे मिळालं. 'आशा' ताई देशभर आल्या त्या २००५ नंतर. त्याच्या तीस वर्षं आधी पुण्यापासून तासाभराच्या रस्त्यावर हे चालू होतं.

माझी आई त्यांच्या हाताखाली सिस्टर होती. बाई राऊंडला आल्या की आधी खाटेखाली बघायच्या म्हणे. तिथे धूळ दिसली तर वरच्या पेशंटकडे नंतर.

---

नवा_बाबा_कोथरूड

इतिहास छान चाललाय, मी वर्तमानातलं विचारतो. बायकोचं गेल्या वर्षी झालं, मोठ्या खासगी हॉस्पिटलात. नाव लिहीत नाही. सगळं नॉर्मल, आणि नवव्या महिन्यात अचानक 'पाणी कमी आहे, रिस्क नको'. सिझेरियन. असेलही कमी. आम्हाला काय कळतं? पण आमच्या सोसायटीत त्या वर्षी झालेली सगळीच सिझेरियन! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, एकूण २१.५ टक्के सिझेरियन आणि खासगीत ४७.४ टक्के असं आहे. खासगीत जाणाऱ्या बायकांचीच हाडं अरुंद असतात का? तुमच्या त्या नर्सबाई आता गेल्या कुठे? बारा तास कळा देणाऱ्या बाईजवळ बसून राहणारं माणूसच आम्हाला दिसलं नाही. सिस्टर यायची, पट्टा लावायची, जायची.

---

डॉक्टरीणकाकू

नवा बाबा, तुमच्या पत्नीचे रिपोर्ट न बघता मी काही बोलणार नाही. पण बसून राहणारं माणूस नाही, हे बरोबर आहे, आणि ते आमच्या लोकांनीच काढून टाकलंय. बाळंतपणाला वेळ लागतो. डॉक्टरच्या वेळेचे पैसे जास्त, म्हणून डॉक्टरला घाई. ज्यांच्याकडे वेळ होता त्या मिडवाइफला, म्हणजे शिकलेल्या सुइणीला, आपण नर्स केलं, मग नर्सला फायली लिहायला बसवलं.

स्वीडनचं उदाहरण देते. एकोणिसाव्या शतकात तिथे खेडोपाडी सरकारने शिकवलेल्या, परवाना दिलेल्या सुइणी होत्या. मातामृत्यू युरोपात सगळ्यांत कमी पडणाऱ्या देशांत तो होता. इंग्लंडमध्ये डॉक्टर भरपूर, पण १८५० पासून १९३५ पर्यंत आकडा जवळजवळ हलला नाही, हजार बाळंतपणांत चार-पाच बायका जातच होत्या. म्हणजे लाखाला चारपाचशे. भारताचा आकडा २०१८-२० च्या नोंदीत ९७ होता, महाराष्ट्राचा ३३, केरळचा १९. इंग्लंडने सुइणींचा कायदा केला तो १९०२ ला, त्यावरही डॉक्टर मंडळींनी बराच थयथयाट केला होता. धंद्याची भीती, दुसरं काय.

---

रास्तापेठी

काकूंनी कायद्याचं काढलंच आहे तर इथलं लिहिते. मुंबई इलाख्यात नर्सा, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ ला झाला. पणजीचं सर्टिफिकेट त्यानंतरचं आहे, म्हणजे तिने आधी बरीच वर्षं कामं केली आणि मग सरकारने तिला मिडवाइफ मानलं. घरात तेव्हा पेढे वाटले होते म्हणतात. नोंदणी झाल्यावर तिला महापालिकेच्या प्रसूतिगृहात नोकरी मिळू शकत होती, पगार, पेन्शन. पाटीवर नाव लावता येत होतं. माणदेशी_पोरच्या आजीला यातलं काहीच मिळालं नाही, कारण रजिस्टरात नाव घालायला परीक्षा, परीक्षेला अक्षरओळख, आणि अक्षरओळख कुणाला होती तेव्हा?

मी पणजीच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. तिच्यासारखीला त्या एका सर्टिफिकेटाने घराबाहेर, स्वतःच्या पैशावर उभं केलं. पण त्याच कायद्याने दुसऱ्या बाईचा रोजगार हळूहळू गेला आणि तिला पर्याय दिला नाही, हेही तितकंच खरं. सेवासदनच्या वसतिगृहात सोवळ्याचं स्वयंपाकघर होतं म्हणून माझी पणजी शिकली. त्याच स्वयंपाकघरामुळे कोण शिकू शकलं नाही, ते मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, आता लिहिते.

---

माणदेशी_पोर

हे लिहिलंस, बरं वाटलं. आजी शेवटपर्यंत म्हणायची, 'नर्सबाई आली की मला दारात बसवत्यात.' आणि नर्सबाईला पडवीत. दोघींना एकाच घराने बसवलं होतं.

---

नवा_बाबा_कोथरूड

प्रश्न राहिला. आता पुन्हा मिडवाइफ येणार असं वाचलं होतं, ते खरं का?

---

डॉक्टरीणकाकू

खरं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ठरवलंय, नर्सिंग झालेल्यांना अठरा महिन्यांचं वेगळं शिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' करायचं, आणि सरळ बाळंतपणं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर करायची. माझी हरकत नाही, उलट हवंच आहे. पण माझ्या अटी आहेत. अडलं की तिला फोन करून 'सर, पाठवू का' असं विचारावं लागू नये, तिने स्वतः चिठ्ठी लिहून पाठवावं आणि पुढच्या डॉक्टरने ती चिठ्ठी मानावी. रक्तपेढी हाकेच्या अंतरावर हवी. एका वेळी तिच्याकडे एकच, फार तर दोन बायका. आणि फायली लिहायला निराळा माणूस. यातलं शेवटचं जमलं तरी मी सरकारला लाडू पाठवीन, डिंकाचे.